आतडं कापलं, की आतड्यातलं सांडलं?

जांघेतला हर्निया अडकून रुग्ण तातडीने टेबलावर येतो, आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागतो आणि हर्नियाचं छिद्र झाकायच्या जाळीचा विषय निघताच कुणीतरी ठामपणे म्हणतं, "आतडं उघडलंय, आता जाळी नको." हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे आणि त्याची किंमत रुग्ण पुन्हा उद्भवलेल्या हर्नियाने मोजतो.

नुसता अडकलेला हर्निया आणि रक्तपुरवठा तुटलेला हर्निया यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे. सोडवल्यावर आतडं गुलाबी झालं, हालचाल करू लागलं, तर जागा स्वच्छ आहे, जाळी बसवा.

घोळ होतो तो आतडं कापावं लागल्यावर. जागा किती स्वच्छ, यावरून शस्त्रक्रियेच्या जखमांचे चार वर्ग असतात, पहिला सगळ्यात स्वच्छ, आणि बहुतेक जण दुसरा व तिसरा एकच समजतात. दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून, भोवती पॅड ठेवून तुकडा काढला, आतलं काही बाहेर आलं नाही, तर तो दुसरा वर्ग. आतड्यातलं उघड उघड जखमेत सांडलं, तर तिसरा. आतडं आधीच फुटून पोटात पू झालेला असेल, तर चौथा. म्हणजे कात्री चालली का, हा प्रश्नच नाही. सांडलं का, एवढंच विचारायचं. तातडीच्या शस्त्रक्रियांसाठीच्या जागतिक संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही रेघ इथेच ओढली आहे: सांडलं नसेल तर कृत्रिम जाळी चालते आणि हर्निया परत येण्याचं प्रमाण घटतं. सांडलं असेल आणि हर्नियाचं छिद्र 3 सेंमीपेक्षा लहान असेल, तर टाक्यांनीच दुरुस्ती.

जाळी म्हटली की सगळ्या जाळ्या सारख्या, हा गैरसमजही सोडा. मोठ्या छिद्रांच्या पॉलिप्रोपिलीनमध्ये (जाळीचं प्लास्टिक) जंतूंमागोमाग शरीराच्या भक्षक पेशीही शिरतात. फार बारीक छिद्रांत जंतू मावतात, पेशी मावत नाहीत. तिथे संसर्ग झाला की जाळी बहुधा काढावीच लागते.

सांडलेल्या जागी माझी पसंती जाळीविना, नुसत्या टाक्यांनी थर शिवायच्या शोल्डाइस पद्धतीला. बासिनी या जुन्या टाक्यांच्या पद्धतीचं घाईघाईत ताणून केलेलं रूप मला मुळीच मान्य नाही. मात्र हर्निया फेमोरल (जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाला येणारा) असेल तर शोल्डाइसने ते छिद्र बुजत नाही, तिथे मॅक्व्हे ही टाक्यांचीच दुसरी पद्धत करा. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली जैविक जाळी हा टाके घालणं शक्यच नसेल तेव्हाचा पर्याय आहे. ती आहे म्हणून घाण जागा स्वच्छ होत नाही. जास्त अँटिबायोटिक दिल्यानेही होत नाही. रुग्णाचा रक्तदाब टिकत नसेल, तर आधी जीव वाचवा, दुरुस्ती नंतर बघू.

आणि ऑपरेशन नोटमध्ये नुसतं "आतडं काढलं" लिहू नका. सांडलं की नाही, किती सांडलं, हे लिहा. पुढे जखम चिघळली तर पुढच्या डॉक्टरला सर्वांत आधी तीच ओळ शोधावी लागते.