स्वस्त गिटारमध्ये काय राहून जातं?

नवी कोरी इलेक्ट्रिक गिटार, किंमत दहा-बारा हजार. ट्यूनर लावला, सहाही मोकळ्या तारा सुरात आल्या. मग पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एफ कॉर्ड धरली आणि ती बेसूर वाजली. शिकणाऱ्याला वाटतं, आपलीच बोटं चुकताहेत. एकेक तार पहिल्या फ्रेटवर दाबून ट्यूनरकडे पाहावं. काटा दहा-पंधरा सेंट पुढे गेलेला दिसतो (अर्ध्या सुरात १०० सेंट असतात). दोष बोटांचा नाही, नटचा आहे, म्हणजे दांड्याच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. नटच्या खाचा उथळ ठेवल्या की तार फ्रेटपासून गरजेपेक्षा उंच राहते. खाली दाबताना ती ताणली जाते आणि ताण वाढला की सूर चढतो. खाचा योग्य खोलीच्या करायला कसबी हाताला अर्धा तास लागतो. स्वस्त गिटारमध्ये नेमका तो अर्धा तास वाचवलेला असतो.

म्हणून तयार गिटार घ्यावी, स्वतः बनवावी की असलेली सुधारावी, हे ठरवण्याआधी यंत्राला काय चांगलं जमतं ते पाहावं. यंत्राला नेक (गिटारचा दांडा) फार चांगला जमतो. फ्रेटचं गणित असं: उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, पुढचा फ्रेट तितक्या अंतरावर. ६४८ मिमी स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवरच्या तारांच्या टेकूपर्यंत, तारेची लांबी) पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिमीवर, दुसरा त्यापुढे ३४.३३ मिमीवर, बारावा बरोबर ३२४ मिमीवर. विसाव्या फ्रेटला अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर सूर चार सेंटने हलतो, आणि ही चूक नंतर कशानेही सुधारत नाही. शिवाय १०-४६ जाडीच्या (इंचाच्या हजारांशात) तारांचा संच त्या नेकला मिळून सुमारे ४५ किलोच्या ओढीने खेचत असतो. हातकरवतीने एकवीस-बावीस खाचा पाडून, आत ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवायची, चावीने फिरणारी सळई) बसवून पहिल्याच प्रयत्नात असा नेक जमणं कठीण. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांबरोबर गिटार करायला घेतली तेव्हा जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून नेक कोरला, हे खरं. पण त्या घरात इलेक्ट्रॉनिक्सची जाण होती आणि काम वर्षाहून जास्त चाललं.

आमचं मत स्पष्ट आहे: नेक कारखान्याचा घ्यावा, हाताचं काम आपण करावं. अमेरिकेतला गिटार बनवणारा लिओ फेंडर याने १९५० मध्ये स्क्रूने बसवलेल्या नेकची गिटार बाजारात आणली आणि हे सोपं करून ठेवलं. चार स्क्रू काढले की नेक वेगळा, बॉडी वेगळी. दुकानात स्वस्त गिटार निवडताना रंग आणि पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) बघू नका. नेकच्या टोकाकडून एक डोळा मिटून कडेने पाहा. पीळ दिसला तर ती गिटार ठेवून द्या, बाकीचं बहुतेक सगळं दुरुस्त होतं.

दुरुस्तीला क्रम असतो आणि तो चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं. आधी नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते पाहायचं. ०.२ ते ०.३ मिमी हवी, जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मापायचं. चावी अडकली तर जोर लावू नये, रॉड तुटला तर नेकच गेला. त्यानंतर सॅडलने (ब्रिजवरचा त्या त्या तारेचा सरकता टेकू) बाराव्या फ्रेटवरची उंची: बारीक तारेला १.६ मिमी, जाड तारेला २ मिमी. मग नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढीच, म्हणजे ०.१ मिमीच्या आसपास फट उरावी. नटच्या कानशींचा संच महाग पडतो. गॅस वेल्डिंगची नॉझल साफ करायच्या खरखरीत तारांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यावर काम भागतं. तारेच्या जाडीपेक्षा किंचित जाड तार घ्यायची आणि चार-पाच घासांनी थांबून मापायचं. खाच जास्त खोल गेली तर त्यात खायचा सोडा भरून वर सुपर ग्लूचा थेंब टाकायचा. ते दगडासारखं घट्ट होतं, मग पुन्हा घासायचं.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचा, उतरलेला असेल तर पुढे. हे नव्या तारांवरच करावं, गंजलेल्या तारेचा सूर कधीच खरा लागत नाही.

एखादाच फ्रेट खरखरत असेल तर लहान पट्टी तीन फ्रेटवर आडवी ठेवा. ती डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. तो अर्धवट सुटून वर आलेला असू शकतो, म्हणून आधी प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकावा, कानस त्यानंतर. स्टील वूलने पॉलिश करताना पिकअपवर टेप लावायला विसरू नका. लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटला की पुरा निघत नाही.

पिकअप बदलण्याची घाई सगळ्यांना असते. त्याआधी केबलकडे बघा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. त्याचं इंडक्टन्स आणि केबलचं कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठरावीक कंपनसंख्येला आवाज उठून येतो, आणि आवाजाची धार बरीचशी तिथे ठरते. २.४ हेन्रीच्या सिंगल कॉइल पिकअपला ५०० पिकोफॅरडची केबल जोडली तर हे शिखर ४.६ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. तीच केबल दुप्पट लांब केली की ३.२ वर उतरतं आणि आवाज दबलेला वाटतो. आवाज बोथट वाटतो म्हणून पिकअप बदलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आखूड केबलने काम झालं असतं. पॉटचंही (आवाज कमी-जास्त करायचं बटण) तसंच: सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५००. सोल्डर करताना पॉटची पाठ आधी काचकागदाने खरवडायची. निस्तेज, दाणेदार दिसणारा सांधा कच्चा समजावा.

आता ॲम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून) येणारी गुणगुण. तारांना हात लावला की ती कमी होते, कारण ब्रिजला जोडलेल्या ग्राउंडच्या वायरमुळे आपलं शरीरही ग्राउंडला जोडलं जातं. म्हणजेच वाजवणारा ॲम्पमार्फत थेट अर्थिंगशी बांधलेला असतो. जत्रेत, फेस्तात, चवथीच्या मंडपात जनरेटरवर किंवा दोन पिनांच्या जुन्या बोर्डावर ॲम्प लावला आणि मायक वेगळ्या लाइनवर असला, की ओठ मायकला टेकताच शॉक बसू शकतो. कोरड्या जांभ्या मातीत अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालावंच लागतं. वाजवण्याआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं मायकच्या जाळीला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. आणि गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन कापणं हा जीवाशी खेळ आहे, तो कुणालाही करू देऊ नका.

इतकं जमल्यावर बॉडी स्वतः करायला हरकत नाही. लाकूड इथलंच चालतं. बॉडीचं आकारमान साधारण चार लिटर धरा. सागवानात ती २.६ किलो भरेल, फणसात २.४ च्या आसपास, शिवणीत १.९. नेक आणि सामान मिळून आणखी दीड किलो. तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला सागवान आणि शिवण यांतला फरक चांगलाच कळतो, आवाजात मात्र तो फार कमी ऐकू येतो.

खरी अडचण ओलाव्याची. लाकूड १२ टक्क्यांपर्यंत सुकलेलं हवं. पावसात गोव्याच्या हवेत उघडं पडलेलं लाकूड १८-२० टक्क्यांवर जातं. अशा लाकडात ५६ मिमी रुंदीचा नेकचा खिसा कोरला, तर सुकल्यावर तो अर्ध्या मिलिमीटरने आवळतो आणि नेक त्यात शिरत नाही. ठोकून बसवला तर कडा फुटते. कोरीव काम आणि रंग दोन्ही नोव्हेंबर ते मे याच काळात करावं. दमट हवेत मारलेल्या लॅकरमध्ये बाष्प अडकतं आणि वर पांढुरका धुरळा धरतो. ब्रिजची जागा नेक बसवल्यावरच आखायची, नटपासून ६४८ मिमी मोजून. जाड तारेच्या सॅडलला मागे तीन-चार मिमी जागा सोडायची. ब्रिज पाच मिमी पुढे बसला तर सॅडल कितीही मागे नेला तरी सूर जुळणार नाही.

पाऊस सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात नेकचा बाक पुन्हा मापावा. तो कुठल्या बाजूला सरकेल हे त्या त्या लाकडावर ठरतं, म्हणून मापल्याशिवाय चावीला हात लावू नये.