ऐंशीला थरथरणारी अ‍ॅम्बेसेडर: दोष चाकाचा, शाफ्टचा की क्रॉसचा?

ताशी सत्तरपर्यंत गाडी निमूट चालते. पंचाहत्तरला पायाखालचा पत्रा थरथरू लागतो, ऐंशीला आरशातलं चित्र पुसट होतं आणि नव्वदला पुन्हा सगळं बरं वाटतं. जुनी अ‍ॅम्बेसेडर बाळगणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. त्यावरचे उपचारही ठरलेले असतात: आधी व्हील बॅलन्सिंग, मग टायर, मग गिअरबॉक्सचं रबर माउंटिंग, शेवटी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची गती मागच्या अ‍ॅक्सलला नेणाऱ्या नळीचे) दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे वळते जोड. खिसा हलका होतो, थरथर जागच्या जागी. पान्याला हात घालण्याआधी एवढंच विचारायला हवं की ही थरथर सेकंदाला किती वेळा होते.

गाडीत फिरणारा प्रत्येक भाग आपापल्या गतीने फिरतो, म्हणून थरथरीचा आकडा हाती आला की दोषी भागाचं नाव जवळजवळ कळतंच. ५.९०-१५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.०५ मीटर पुढे जातो (जमिनीवर खडूने खुणा करून आपल्या गाडीचं माप घ्यावं). ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला जवळपास ११ फेरे. डिफरेन्शियलचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरांचा) रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, ४.५ धरला तर शाफ्टचे ४९ फेरे होतात. चाक किंवा टायर बिघडला असेल तर ११ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ११ वेळा होणारी, संथ धडधड जाणवते, सीट हलते. शाफ्टचं वजन एका बाजूला असेल तर ४९ हर्ट्झची गुरगुर येते, ती पायाला आणि कानाला एकदमच कळते. क्रॉसचे कोन चुकले असतील तर आकडा शाफ्टच्या दुप्पट, म्हणजे ९८.

रेशो मॉडेलनुसार बदलतो आणि जुन्या गाडीत डिफरेन्शियल कधी बदललं गेलं याचा भरवसा नसतो, तेव्हा तो मोजलेला बरा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, मागचं एकच चाक उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तो रेशो. चाकाचे फेरे दोन, कारण दुसरं चाक थांबलेलं असताना डिफरेन्शियल फिरत्या चाकाची निम्मीच गती क्राउनला (आतल्या मोठ्या दातेरी चाकाला) देतं.

हर्ट्झ मोजायला मोबाइलमधला कंपमापक चालतो. फोन सीटच्या रुळावर घट्ट बांधावा. पण एक खोच आहे. फोन सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला धड दिसत नाही, आणि ९८ चा कंप तो खुशाल २ म्हणून दाखवतो. मग माणूस टायर बदलत बसतो. नोंदींचा वेग तपासा, नाहीतर मायक्रोफोनने आवाजाचा आलेख काढा.

आता इंजिन वगळायचं. टॉपचा गिअर थेट १:१ असला की इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे आकड्यावरून दोघांत फरक करता येत नाही. ज्या वेगाला थरथर येते तिथे मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करा. थरथर राहिली तर इंजिन निर्दोष सुटलं. गाडी उभी करून तितक्याच आरपीएमला इंजिन फिरवल्यावरही थरथर आली, तर शाफ्टला उगाच दोष देऊ नये.

क्रॉसचा मामला सगळ्यात रंजक, आणि सगळ्यात कमी समजून घेतला जाणारा. कोनात चालणारा क्रॉस गती सरळ पुढे देत नाही. एका फेऱ्यात तो पुढच्या भागाला दोनदा किंचित पुढे ढकलतो, दोनदा मागे खेचतो. गास्पार शॉट यांनी १६६४ मध्ये हा जोड गती एकसारखी देतो असं लिहून ठेवलं होतं. पुढे काही वर्षांतच रॉबर्ट हूक यांनी ते चूक असल्याचं दाखवलं. कोन ३ अंशांचा असेल तर गतीतला चढउतार पाव टक्क्याच्या आसपास, १० अंशांना तीन टक्के. कोन दुप्पट झाला की झटके चौपट होतात.

म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात: पुढच्याने केलेला घोळ मागच्याने निस्तरायचा. त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एका रेषेत हवेत. सरकणारी स्प्लाइन (दातेरी जोड) शाफ्टच्या मध्ये असेल तर जोडताना बाणाच्या खुणा जुळवाव्याच लागतात. १६ दातांच्या स्प्लाइनवर एका दाताची चूक म्हणजे २२.५ अंशांचा फरक.

कोन मोजताना गाडी चाकांवर उभी हवी. चासी उचलून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला तर येणारे आकडे निरुपयोगी. गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ५.५ अंश आणि पिनियनही (शाफ्ट ज्याला जोडतो तो डिफरेन्शियलचा छोटा गिअर) ३ अंश असेल, तर दोन्ही क्रॉसना २.५ चा कोन मिळतो, उत्तम. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबल्यामुळे, किंवा कोणी गाडी उंच करायला पाट्याखाली ठोकळे घातल्यामुळे, पिनियनचा उतार ३ वरून ०.५ अंशावर आला तर मागचा कोन ५ होतो आणि हिशेब बिघडतो. फरक एका अंशाच्या आत ठेवावा. उपाय म्हणजे अ‍ॅक्सल आणि पाट्यामध्ये उतरती पाचर. अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते अंशभर खाली असलेलं चालतं. दाबल्यावर वाढणारी आणि पाय काढल्यावर गायब होणारी थरथर बहुधा इथलीच असते. कोन शून्यावर आणण्याचा हट्टही नको: मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी ठोकत राहतात आणि क्रॉसच्या दांड्यावर घर करतात. निदान अर्धा अंश हवाच.

आकडा ४९ च्या जवळ आला तर शाफ्टचं बॅलन्सिंग. आधी शाफ्टच्या नळीवरचा वाळलेला चिखल आणि अंडरबॉडी रंग खरवडा, वेल्ड केलेली वजनाची पट्टी निखळल्याचा डाग दिसतो का पाहा. डायल गेजने मध्यावर वाक मोजा. तो अर्ध्या मिलीमीटरच्या आत हवा. मग मागच्या फ्लँजवर (शाफ्ट पिनियनला बोल्टने जोडणाऱ्या चकतीवर) पंचने खूण करून चारही बोल्ट काढा आणि शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवा. थरथर बदलली तर शाफ्ट आणि पिनियन फ्लँज यांचे दोष एकमेकांत मिसळलेले आहेत. जी जोडणी बरी वाटेल ती ठेवायची.

तेवढ्याने भागलं नाही तर होज क्लिप, म्हणजे रबरी पाइपवर स्क्रूने आवळायची पट्टी. नळीच्या मागच्या टोकाला चार खुणा करून क्लिपचा स्क्रू आळीपाळीने प्रत्येक खुणेवर आणा, दर वेळी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवा. सर्वात बरी खूण सापडली की दुसरी क्लिप लावून दोन्ही स्क्रू तिच्या दोन बाजूंना थोडे थोडे फाकवत न्या. एवढ्याशा वजनाने काय होणार, असं वाटतं खरं. पण ३५ मिलीमीटर त्रिज्येवरचे १० ग्रॅम ताशी ८० ला सुमारे ३३ न्यूटन, म्हणजे जवळपास साडेतीन किलोच्या ओझ्याइतका जोर लावतात, आणि तोही सेकंदाला ४९ वेळा दिशा फिरवून.

क्रॉस बदलायचे असतील तर ते बॅलन्सिंगच्या आधी. कप (सुया धरणाऱ्या वाट्या) ठोकून बसवल्यावर योकच्या कानांवर पितळी हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे कप सर्कलिपला (त्यांना अडवणाऱ्या रिंगला) टेकतात आणि क्रॉस बोटाने सहज हलतो. कुठे अडकला तर उघडून बघा. बहुतेक वेळा एखादी सुई कपात आडवी पडलेली असते. शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर दोन्ही फ्लँज योकसकट द्यावा. ८ किलोच्या शाफ्टचं एक टोक ०.१ मिलीमीटर जरी बाजूला बसलं, तरी तिथे नळीवर ११ ग्रॅम चिकटवल्यासारखा असमतोल तयार होतो.