लाइन गेली तरी शाबूत राहणारं मशीन: रॅममधून चालणाऱ्या डेस्कटॉपची पार्श्वभूमी

आमच्याकडे वीज जात नाही, ‘लाइन’ जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, तेव्हा बॅचच्या वेळा भारनियमनाच्या तक्त्यावरून ठरत. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही मोठी औष्णिक केंद्रं विदर्भातच, कोळसाही इथलाच, तरी खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास अंधार. तक्त्याबाहेरही लाइन जायचीच. यूपीएसच्या बॅटऱ्या उन्हाळ्यात फुगून गेलेल्या. लाइन गेली त्या क्षणी हार्डडिस्कवर सिस्टिमची एखादी फाइल अर्धवट लिहिलेली राहिली, की लाइन आल्यावर ते मशीन उठायचंच नाही. “सर, याले फॉरमॅट मारा लागते,” असं पोरं मला सांगत, आणि तेवढं सगळ्यांना पाठ झालं होतं.

अशात एका मित्रानं नागपूरहून एक सीडी आणून दिली. सीडीवरून मशीन सुरू झालं, डेस्कटॉप दिसला, आणि त्यानं सीडी बाहेर काढून खिशात घातली. मशीन चालूच. हार्डडिस्कचा दिवाही लुकलुकत नव्हता. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम (मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या चालू कामाच्या मेमरीत, जाऊन बसली होती. २५६ एमबी रॅमच्या त्या जुन्या मशीनवर एवढ्या झटक्यात उघडणारा वर्ड प्रोसेसर मी तोवर पाहिला नव्हता. ही कल्पना आली कुठून, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो.

सुरुवात करायची ती मेमरी विसरते का, इथून. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच संगणकांची मेमरी विसरत नसे. फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या असत, आणि प्रत्येक कडीचं चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे त्यावर ० की १ ते ठरे. वीज गेली तरी चुंबकत्व टिकायचं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बांधलेल्या ‘टिफ्रॅक’मध्ये, १९६० साली, अशीच मेमरी होती: ४० बिटांचे २०४८ शब्द. पुढे आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एका ट्रान्झिस्टराला एक कपॅसिटर जोडून एक बिट (एक ० किंवा १) साठवायची युक्ती काढली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली आणि थोड्या वर्षांत कड्यांची मेमरी मागे पडली. नवी मेमरी स्वस्त आणि दाट होती, पण तिच्यात बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सारखा गळतो. आजच्या रॅममध्येही साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. भरणारी वीजच गेली की सगळं पुसलं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला मुक्कामाला दुसरी जागा लागते, आणि मशीन सुरू करताना दर वेळी ती तिथून आणावी लागते.

ती दुसरी जागा कोणती, यावर पुढची गोष्ट फिरते. १९८४ साली ‘क्लास’ या संगणक-साक्षरतेच्या प्रकल्पातून भारतातल्या काही शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे छोटे ब्रिटिश संगणक आले. त्यांत सिस्टिम रॉम चिपमध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, होती, म्हणून बटण दाबताच मशीन तयार. पुढे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यात तिच्या जागी फ्लॉपी आली, आणि फ्लॉपी फार सावकाश. त्याच १९८४ मध्ये पीसी डॉस ३.० बरोबर ‘व्हीडिस्क’ नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळू लागला: रॅमचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि तो डिस्क असल्याचं सिस्टिमला भासवायचं. याला रॅमडिस्क म्हणतात. तेव्हा तिचा उपयोग वेगापुरता होता.

संपूर्ण सिस्टिमच रॅमडिस्कवर ठेवायचं पाऊल लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमनं जन्मतःच टाकलं. लिनक्स जेमतेम काही महिन्यांचं असताना थिओडोर त्सो यांनी त्यासाठी रॅमडिस्कचा कोड लिहिला. त्या फाइलच्या माथ्यावर २ डिसेंबर १९९१ ही तारीख आहे. फ्लॉपीवरची फाइल सिस्टिम रॅममध्ये उतरवून घ्यायची आणि ड्राइव्ह मोकळा करायचा, इतकंच त्याचं काम. ज्याच्या मशीनला एकच फ्लॉपी ड्राइव्ह आहे, त्याच्यासाठी ते मोलाचं होतं. माझ्या मित्रानं सीडी खिशात घातली, ती याच कोडाच्या वारशावर.

मग हार्डडिस्क स्वस्त झाल्या आणि ही वाट मागे पडली. ती पुन्हा उघडली सीडीमुळे. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स हे सीडीवरून चालणारं लिनक्स काढलं. सुमारे २ जीबीचा मजकूर दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवला, आणि इन्स्टॉल न करता पूर्ण डेस्कटॉप चालवून दाखवला. मात्र सीडी आत ठेवावी लागे आणि प्रत्येक क्लिकला ड्राइव्ह घरघरे. सगळं रॅममध्ये घ्यायची सोयही होती, पण तेवढी रॅम त्या काळी कोणाकडे होती? इथं मला ऑस्ट्रेलियाचे बॅरी कॉलर सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांनी प्रश्न उलटा धरला: रॅम वाढत नसेल तर सिस्टिम बारीक करू. २००३ मध्ये आलेलं त्यांचं पपी लिनक्स साध्या मशीनच्या रॅममध्ये सबंध मावायचं. त्याच सुमाराचं डॅम स्मॉल लिनक्स ५० एमबीच्या आत राहण्याच्या हट्टानं बांधलेलं. त्यावर काम केलेले रॉबर्ट शिंगलडेकर यांनी पुढे टायनी कोअर काढलं, ते तर सुरुवातीला १० एमबीच्या आसपास.

आतली रचना सातबाऱ्यावरून सांगता येते. छापील सातबारा खाली ठेवा, वर पारदर्शक कागद घाला आणि जे लिहायचं ते त्या कागदावर लिहा. वाचणाऱ्याला दोन्ही मिळून एकच पान दिसतं. खालचा सातबारा म्हणजे दाबून बांधलेली, फक्त वाचता येणारी फाइल. बहुतेक ठिकाणी ती स्क्वॅशएफएस पद्धतीची असते, आणि ही पद्धत २००९ मध्ये लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, सामील झाली. वरचा कागद म्हणजे रॅममधली मोकळी जागा. दोन्ही एकावर एक बसवणारी यंत्रणा आधी बाहेरून जोडावी लागे. २०१४ च्या शेवटी ओव्हरलेएफएस नावाची अशी यंत्रणा कर्नलमध्येच आली. लाइन गेली की वरचा कागद नाहीसा होतो. सातबाऱ्याला धक्का लागत नाही.

आमच्या क्लाससाठी एवढंच पुरेसं होतं. लाइन आली की मशीन पुन्हा पहिल्या दिवसासारखं ताजं. पेनड्राइव्हमधून शिरणारे, फोल्डरचा आव आणणारे व्हायरस इथं चालत नव्हते. तोटाही खरा होता. एका मुलीनं वीस मिनिटं टाइप केलेलं पत्र एका झटक्यात गेलं आणि ती रडवेली झाली. मशीन बंद करताना पपी ‘सेव्ह करू का’ विचारतं आणि सगळे बदल एका फाइलमध्ये बांधून ठेवतं, पण लाइन काही विचारून जात नाही. म्हणून दर परिच्छेदानंतर पेनड्राइव्हवर सेव्ह करायची सवय लावली. मराठीसाठी लोहित फॉन्ट आम्हीच टाकले. अभ्यासक्रमातली काही सॉफ्टवेअर त्यावर चालतच नसत, त्यामुळे अर्धी मशीन जुन्या पद्धतीनंच ठेवावी लागली.

एक गोष्ट पोरांना सांगितली की त्यांचे डोळे विस्फारायचे. विंडोज व्हिस्टापासून पुढे विंडोज टाकताना जो निळसर पडदा येतो, तोही रॅममध्ये उतरवलेला एक छोटा विंडोजच असतो. डिस्क पुसायची तर तिच्यावर उभं राहून कसं चालेल? म्हणजे ‘फॉरमॅट मारणाऱ्या’ प्रत्येकानं ही कल्पना नकळत वापरलेली आहे.

८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचे अपडेट थांबले आणि गावोगावच्या जुन्या मशीनसाठी हा मार्ग पुन्हा आठवला. पण तोवर अडचण बदलली होती. सिस्टिम रॅममध्ये सहज मावते, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की सिस्टिमच्या कितीतरी पट रॅम खातात. २५६ एमबीचे दिवस संपले ते त्यामुळे. ४ जीबीच्या मशीनवर मात्र अजून उत्तम जमतं. गेल्या वर्षी जवळच्या गावातल्या शाळेत असंच एक मशीन हार्डडिस्क मेली म्हणून पोत्याखाली झाकून ठेवलेलं होतं. डिस्क काढूनच टाकली. आता बाई सकाळी पेनड्राइव्ह लावतात, डेस्कटॉप दिसला की काढून कपाटात ठेवतात आणि कुलूप लावतात.