टाकीत किती उरलंय? काट्याला विचारा, पण एकट्याला नको

बारामतीच्या धावपट्टीवर सकाळी शिकाऊ वैमानिकांची धांदल सुरू असते, तेव्हा एक काम चुकत नाही. कुणीतरी पंखापाशी शिडी लावून वर चढतं, टाकीचं झाकण काढतं आणि आत डिपस्टिक बुडवतं. ती बाहेर काढल्याबरोबर ओल कुठवर आली ते वाचायचं. उशीर केला तर खूण उडून जाते, कारण ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं फिकट निळं पेट्रोल, बघता बघता वाळतं. आत कॉकपिटमध्ये दोन्ही टाक्यांचे काटे आहेत, नव्या विमानांत तर पडद्यावर आकडे येतात. तरीही डिपस्टिक लागतेच. ज्या पुणेकरांनी टाकीला कान लावून, स्कूटर हलवून पेट्रोलचा अंदाज घेतलाय, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

गोम अशी की काटा इंधन मोजतच नाही. तो पातळी मोजतो. सेसना १७२ सारख्या लहान विमानात पेट्रोल पंखांत असतं आणि पंखातली टाकी लांब, रुंद पण उथळ असते. आत एक फ्लोट तरंगतो, तो एका दांडीने विद्युतरोध कमी-जास्त करतो आणि त्यावर काटा हलतो. अशा पसरट टाकीत पातळी सेंटिमीटरभर सरकली तरी कित्येक लिटरचा फरक पडतो. नाक वर करून चढताना पेट्रोल मागे जातं, विमान आडवं घसरतं ठेवलं तर पेट्रोल एका कडेला साचतं आणि काटा त्याप्रमाणे काहीही सांगतो. गंमत म्हणजे नीट मारलेल्या वळणात, पंख तीस अंश कलला तरी, काटा फारसा हलत नाही. कारण त्या वळणात जाणवणारं वजन विमानाच्या तळाकडेच असतं. पेट्रोलला आपण कललोय हे कळतच नाही. वळताना काटा नाचत असेल तर चूक बहुधा वैमानिकाच्या पायांची असते, रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, नीट दाबलेला नसतो.

वैमानिकांत एक समज फिरतो, की काटा फक्त टाकी रिकामी असताना बरोबर असला की कायद्याचं समाधान होतं. हे अर्धवट आहे. अमेरिकेच्या नियमांत सरळ उड्डाणात वापरण्याजोगं इंधन संपलं की काट्याने शून्य दाखवावं, असं म्हटलंय खरं. पण प्रत्येक टाकीत वापरण्याजोगं किती उरलंय हे उड्डाणात दिसलं पाहिजे, असंही तोच नियम सांगतो. सेसना १७२ एस मध्ये एकूण सुमारे २१२ लिटर मावतं आणि त्यातलं अकरा-बारा लिटर इंजिनपर्यंत पोचेलच याची खात्री नसते. म्हणून ‘शून्य’ म्हणजे कोरडी टाकी नव्हे.

काही विमानांत फ्लोटऐवजी विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजणाऱ्या नळ्या असतात. ही क्षमता कोणत्या पदार्थाने किती पट वाढते ते परावैद्युत स्थिरांक सांगतो. पेट्रोलचा तो साधारण २, हवेचा १; नळीचा जितका भाग पेट्रोलात, तितकी तिची विद्युतधारिता जास्त. झिजणारा भाग नाही, ही सोय. पण इथेनॉलचा हाच आकडा २४ च्या आसपास आणि पाण्याचा ८०. त्यामुळे रस्त्यावरच्या इ-२० पेट्रोलने असं यंत्र सरळ फसेल. ॲव्हगॅसमध्ये इथेनॉल नसतं हे नशीब.

आता दुसरी पद्धत. इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोटाच्या पेराएवढी चक्री बसवायची. पेट्रोल वाहिलं की ती फिरते, तिची पाती प्रकाशकिरण तोडतात आणि दर खंडाला एक टिचकी मोजली जाते. लहान विमानांत चालणाऱ्या अशा सेन्सरमध्ये गॅलनमागे तीस हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत टिचक्या पडतात. गॅलनमागच्या या आकड्याला के-फॅक्टर म्हणतात. टिचक्यांना के-फॅक्टरने भागलं की खप मिळतो आणि वैमानिकाने सुरुवातीला भरलेल्या आकड्यातून तो वजा होत जातो. हा हिशेब ठेवणारं यंत्र म्हणजे टोटलायझर. नीट जुळवलेला टोटलायझर काट्यापेक्षा कितीतरी अचूक असतो. (जुन्या इंजेक्शन इंजिनांवरचा ‘फ्लो’ काटा मात्र खरं तर दाब मोजतो. एखादा इंजेक्टर तुंबला की दाब वाढतो, म्हणजे पेट्रोल कमी जात असताना काटा जास्त दाखवतो!)

पण टोटलायझर टाकीत डोकावत नाही. त्याला फक्त स्वतःजवळून गेलेलं कळतं. टाकीचं झाकण ढिलं राहिलं तर उडताना पंखाच्या वरचा कमी दाब पेट्रोल बाहेर ओढून घेतो, टोटलायझर शांत. बारामतीच्या थंड पहाटे टाकी काठोकाठ भरून विमान उन्हात ठेवा. पेट्रोल अंशामागे साधारण हजारात एक भाग फुगतं, म्हणजे पंधरा अंशांनी २०० लिटरमागे तीनेक लिटर व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, जमिनीवर; टोटलायझरच्या हिशेबात टाकी अजून भरलेली. आणि ‘भरलं’ असं बटण दाबलं, पण खरं भरलंच नाही, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून माझ्या मते दोन साधनांपैकी जास्त अचूक कोणतं, हा प्रश्नच गौण. त्यांचं भांडण झालं की काय करायचं, ते महत्त्वाचं. २४ ऑगस्ट २००१ ला टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्झॅटच्या एअरबस ए३३० मध्ये उजव्या इंजिनाजवळची इंधननळी घासून फाटली. अटलांटिकवर काटे झपाट्याने खाली येत होते, पण वैमानिकांना तो संगणकाचा घोळ वाटला आणि त्यांनी चांगल्या बाजूचं इंधनही गळक्या बाजूला जाऊ दिलं. दोन्ही इंजिनं बंद पडली. ३०६ माणसांसह विमान तरंगत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरलं आणि सगळे वाचले.

डिझेल इंजिनाच्या लहान विमानांत आणखी एक पेच असतो. तिथे बरंच इंधन टाकीकडे परत येतं. समजा तासाला १०० लिटर गेलं, ८० परत आलं, जळलं २०. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवरच्या सेन्सरांत फक्त एक टक्का चूक, तीही उलट दिशांना, तर वजाबाकीत १.८ लिटरची चूक येते. वीसमधली, म्हणजे नऊ टक्के.

के-फॅक्टर जुळवायला प्रयोगशाळा लागत नाही. टाकी ठराविक खुणेपर्यंत भरायची, उडायचं, परत तिथवरच भरायचं. टोटलायझर १५० लिटर म्हणतो आणि पंपावर १४७ लागले, तर जुन्या के-फॅक्टरला १५०/१४७ ने गुणायचं. मात्र एका भरण्यावरून हे करू नये. विमान उतरत्या जागी उभं असलं, तर खुणेपाशीच काही लिटर इकडेतिकडे होतात. दहा-बारा भरण्यांची बेरीज करावी, एकाच सपाट जागी, आणि हातचलाखी करायचीच तर टोटलायझर किंचित जास्त खप दाखवेल अशी करावी.