कॉरमॅक की हाउन्सफील्ड? सीटी स्कॅनच्या दोन जनकांविषयी

सीटी स्कॅन कोणी शोधला, असं विचारलं तर कुठे ॲलन कॉरमॅक हे नाव सापडतं, कुठे गॉडफ्रे हाउन्सफील्ड. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, त्यामुळे ते एकाच प्रयोगशाळेतले सहकारी असावेत असा समज सहज होतो. खरं तर दोघांनी कधीच एकत्र काम केलं नाही. कॉरमॅक दक्षिण आफ्रिकेत वाढलेले भौतिकशास्त्रज्ञ, तर हाउन्सफील्ड इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतले अभियंता. डॉक्टरेट दोघांकडेही नव्हती.

कॉरमॅक यांचा जन्म १९२४ चा, जोहान्सबर्गचा. केंब्रिजमधलं संशोधन अर्धवट सोडून ते १९५० मध्ये केप टाउन विद्यापीठात शिकवायला परतले. १९५६ मध्ये तिथल्या ग्रूट शूर रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने नोकरी सोडली. किरणोत्सारी समस्थानिकं (मूलद्रव्यांची किरणं सोडणारी रूपं) वापरायची तर देखरेखीला भौतिकशास्त्रज्ञ हवाच, असा कायदा होता, आणि केप टाउनमध्ये अणुकेंद्राचं भौतिकशास्त्र जाणणारे कॉरमॅक एकटेच. मग आठवड्यातून दीड दिवस ते रुग्णालयात जाऊ लागले.

तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. किरणोपचाराची (कर्करोगावर किरणांनी करायच्या उपचाराची) मात्रा ठरवताना सगळं शरीर जणू एकाच पदार्थाचं आहे असं धरलं जात होतं. हाड, स्नायू आणि फुफ्फुस तर किरण सारखे शोषत नाहीत. मग आत कुठे किती शोषण होतं, हे बाहेरून मोजून कळेल का? साध्या एक्स-रेमध्ये वाटेतल्या सगळ्या अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. पण एकाच आडव्या छेदातून अनेक दिशांनी किरण पाठवले आणि प्रत्येक रेषेवर किती शोषले गेले ते मोजलं, तर छेदातल्या प्रत्येक बिंदूचं शोषण गणिताने काढता येतं, हे कॉरमॅक यांनी दाखवलं.

१९५७ चा त्यांचा प्रयोग मला फार आवडतो. ओक लाकडाच्या कड्यात ॲल्युमिनियमचा दंडगोल बसवला आणि त्यातून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडले. आकडे जुळले, फक्त मध्याजवळचे तीन बिंदू जरा वेगळे आले. वर्कशॉपमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं, की दंडगोलाच्या आत किंचित कमी शोषण करणारी एक खुंटी होती. कोणी न सांगता ती गणिताला सापडली होती! सीटीचा जन्म कुठे झाला असं कोणी विचारलं, तर मी याच दंडगोलाकडे बोट दाखवेन.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात गेल्यावर त्यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये हे काम छापलं. प्रतिसाद जवळपास शून्य. लेखाची प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडचं हिमस्खलन संशोधन केंद्र होतं, डोंगरावरचा बर्फ मोजण्यासाठी! शिवाय हेच गणित योहान राडॉन या गणितज्ञाने १९१७ मध्येच सोडवून ठेवलं होतं, हे कॉरमॅकना पुढे बऱ्याच वर्षांनी समजलं.

हाउन्सफील्ड १९६७ मध्ये स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले, पण त्यांना हवं होतं रुग्णालयात चालणारं यंत्र. त्यांनी लेथच्या सांगाड्यावर पहिली जुळणी केली. गॅमा किरणांनी एका छेदाची मोजणी पुरी व्हायला ९ दिवस लागले, क्ष-किरणांची नळी लावल्यावर ९ तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि त्यात गाठ स्पष्ट दिसली. एवढ्या थोड्या काळात यंत्र रुग्णापर्यंत नेणं हे श्रेय निर्विवादपणे हाउन्सफील्ड यांचं. कॉरमॅक यांनी असं यंत्र बांधलंच नाही.

सीटीच्या अहवालातलं 'एचयू' म्हणजे हाउन्सफील्ड एकक. त्यात पाणी ०, हवा उणे १०००. कॉरमॅक यांचं नाव अहवालात कुठे येत नाही. पण ते एकक सांगतं शोषणच, १९५६ मध्ये किरणोपचारासाठी त्यांना हवं होतं तेच. आज किरणोपचाराची आखणी करताना आधी रुग्णाचा सीटी काढतात आणि याच आकड्यांवरून मात्रेचा हिशेब मांडतात.