मूत्र-असंयम (स्त्रियांमधील)

इच्छा नसताना लघवी गळणे. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यानंतर ही तक्रार फार आढळते. ‘वय झालं की व्हायचंच’ म्हणून ती सोसत राहू नये. बहुतेक जणींना उपचारांनी आराम पडतो. मात्र लघवी केव्हा आणि कशी गळते यावर उपचार ठरतो, आणि एका प्रकारावरचे औषध दुसऱ्या प्रकारात अपाय करू शकते.

खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना लघवी निसटते तो ताणजन्य प्रकार. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले की मूत्रमार्गाचा आधार जातो आणि पोटातला दाब वाढताच मार्ग नीट मिटत नाही. अचानक अनावर लघवी लागून शौचालय गाठण्याआधीच ती होते तो आवेगजन्य प्रकार. यात मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो. दोन्ही प्रकार एकत्रही असतात. मूत्राशय रिकामे न होता तुडुंब भरून थेंब थेंब गळते, ते मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्यामुळे किंवा अंग बरेच बाहेर आल्यामुळे असू शकते. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भाशय काढल्यानंतर रात्रंदिवस गळती सुरू झाली, तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात छिद्र (फिस्टुला) पडल्याची शंका घ्यावी.

निदानाला सर्वांत जास्त मदत होते ती साध्या नोंदवहीची. सलग 3 दिवस काय व किती प्यायले, दर वेळी किती मिलिलिटर लघवी झाली आणि गळती कशाने झाली हे लिहावे. दिवसाला 3 लिटरहून जास्त लघवी होत असेल, तर दोष मूत्राशयाचा नसून अति पाणी पिण्याचा किंवा मधुमेहाचा असू शकतो. जंतुसंसर्ग, साखर व रक्त यांसाठी लघवी तपासतात. मूत्राशय भरलेले असताना खोकायला सांगून गळती प्रत्यक्ष पाहतात, आणि लघवी झाल्यावर आत किती उरली ते सोनोग्राफीने मोजतात. ही शेवटची पायरी गाळून आवेगावरचे औषध दिले, तर आधीच नीट रिकामे न होणारे मूत्राशय पुरते तुंबू शकते. चालू औषधेही विचारावीत: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबासाठीचे प्राझोसिन यांनी गळती वाढते. लघवीतून रक्त जाणे किंवा मांड्यांमध्ये बधिरता येणे, ही लक्षणे असतील तर तातडीने तज्ज्ञाकडे जावे.

ताणजन्य प्रकारात पहिला उपचार व्यायामाचा. आर्नल्ड केगल यांनी तो 1948 मध्ये मांडला. वायू रोखताना आवळतो ते स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे किमान 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने. अपयश बहुधा पद्धतीत असते. अनेक जणी श्वास कोंडून खाली जोर देतात, त्याने उलट ताण वाढतो. म्हणून सुरुवातीला योनीत बोट घालून आकुंचन बरोबर होते का हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा व्यायाम करू नये. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरल्यानेही गळती घटते. बद्धकोष्ठ आणि जुनाट खोकला यांचाही बंदोबस्त करावा.

आवेगजन्य प्रकारात किमान 6 आठवडे मूत्राशयाला सवय लावतात. सध्याच्या अंतरात 15 मिनिटांची भर घालत दोन वेळांमधले अंतर 3 तासांच्या आसपास न्यायचे. लघवीची घाई झाली की न धावता थांबून स्नायू आवळायचे. चहा-कॉफी कमी करावी, पण पाणी तोडू नये: दाट लघवीने मूत्राशय चिडते. एवढ्याने भागले नाही तर सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन यांसारखी औषधे देतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, शौचास घट्ट होते. वृद्ध स्त्रियांना गोंधळल्यासारखे होऊ शकते. त्याऐवजी मिराबेग्रॉन चालते, मात्र रक्तदाब मोजत राहावा लागतो. पाळी गेल्यानंतर योनी कोरडी पडली असेल तर तेथे लावायचे इस्ट्रोजेन उपयोगी ठरते. तरीही न थांबल्यास मूत्राशयाच्या भिंतीत स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची इंजेक्शने देतात. त्यानंतर काही जणींना काही काळ स्वतः कॅथेटर (बारीक नळी) घालून लघवी काढावी लागते, आणि परिणाम काही महिन्यांनी ओसरतो.

व्यायामाने न थांबलेल्या ताणजन्य गळतीवर शस्त्रक्रिया आहे: मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी, रुग्णाच्याच ऊतकाची पट्टी, किंवा योनीची वरची भिंत टाक्यांनी उचलून धरणे. जाळी योनीत उघडी पडू शकते, दुखत राहू शकते आणि पूर्ण काढणे अवघड असते. हे संमतीपूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे. आणखी मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात, तोवर योनीत बसवायची पेसरी (आधार देणारी कडी) वापरता येते.