ब्रिटनमधलं शाळेचं दूध: 1946, 1971 आणि मधलं विसरलेलं 1968

युद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या बालपणाच्या आठवणी निघाल्या की रेशनची कुपनं, कोळशाची शेगडी, रस्त्यावरचे खेळ हे सगळं येतंच, पण शाळेतल्या दुधाच्या छोट्या बाटलीवर गाडी हमखास थांबते. काचेची बाटली, एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण 190 मिली. सकाळी क्रेट शाळेच्या आवारात उतरवून ठेवलेले असायचे आणि ते वर्गात आणून वाटायचं काम मिल्क मॉनिटरचं, ते मिळालं की मुलं भाव खायची. जुन्या बाटल्यांना पुठ्ठ्याचं गोल झाकण, मधोमध स्ट्रॉसाठी आत ढकलायचं भोक, आणि त्या चकत्या घरी नेऊन लोकरीचे गोंडे करायचे. नंतर अ‍ॅल्युमिनियमची पातळ झाकणं आली, ती तर पक्षीसुद्धा चोचीने फाडून वरची मलई खायचे. थंडीत दूध गोठून झाकणासकट वर यायचं, मग कोणीतरी क्रेट हीटरजवळ नेऊन ठेवायचं आणि ते कोमट, जरा वास येणारं दूध नाक दाबून प्यावं लागायचं. म्हणून या दुधाबद्दल प्रेमाने बोलणारे जितके आहेत तितकेच 'आजही दूध बघवत नाही' म्हणणारेही आहेत.

याची मुळं जुनी आहेत. गरीब मुलांना शाळेत खायला द्यायची मुभा देणारा कायदा 1906 चा. शाळेत पैसे घेऊन दूध विकणं विसाच्या दशकात सुरू झालं आणि 1934 पासून सरकारी मदतीने ती बाटली अर्ध्या पेनीला मिळायला लागली. यात मुलांच्या तब्येतीची काळजी होतीच, पण तेव्हा देशात दूध जास्त झालं होतं, भाव पडले होते आणि ते खपवायला गिऱ्हाईक हवं होतं हेही तितकंच खरं. दुधाने मुलं वाढतात हे सिद्ध करायला 1930 मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमध्ये 20,000 मुलांवर मोठा प्रयोग झाला, निम्म्यांना दूध, निम्म्यांना नाही. पण कुठली मुलं दुधाच्या गटात घ्यायची हे ठरवताना शिक्षकांना थोडा हात मोकळा होता आणि बऱ्याच जणांनी हडकुळी, गरीब घरची मुलं दुधाकडे सरकवली. त्यात वजनं घेतली फेब्रुवारीत आणि जूनमध्ये, तीही अंगावरच्या कपड्यांसकट, म्हणजे ज्यांच्याकडे हिवाळ्याचे जाड कपडे होते त्यांचं वजन उन्हाळ्यात आपोआप कमी भरलं आणि ज्यांच्याकडे नव्हतेच त्यांचं तसं झालं नाही. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी या प्रयोगावर कडक टीका केली. ती टीका बरोबरच होती, पण समोर उपाशी पोर उभं असताना त्या शिक्षकांनी जे केलं त्याला मी तरी दोष देणार नाही.

खरी गोष्ट सुरू होते ऑगस्ट 1946 मध्ये. तेव्हापासून अठरा वर्षांखालच्या प्रत्येक शाळकरी मुलाला रोज ही बाटली फुकट. काळ कसला होता ते बघा, युद्धात ज्या ब्रेडला कधी रेशन लागलं नव्हतं त्याला आदल्याच महिन्यात, 21 जुलैला रेशन लागलं होतं आणि ते जुलै 1948 पर्यंत राहिलं. गोळ्या-चॉकलेटं 1942 पासून कुपनवर, ती एप्रिल 1949 मध्ये मोकळी केली तर दुकानांत इतकी झुंबड उडाली की ऑगस्टमध्ये परत कुपनं आणावी लागली, आणि कायमची सुटका व्हायला फेब्रुवारी 1953 उजाडला. मांस तर जुलै 1954 पर्यंत रेशनवर होतं. तिजोरी रिकामी, घरात साखर मोजून, आणि अशा वेळी सरकार म्हणतं की सगळ्या मुलांना दूध, श्रीमंत-गरीब काही विचारायचं नाही! आधीच्या पद्धतीत ज्यांना परवडत नाही त्यांना फुकट मिळायचं, पण त्यासाठी घरची परिस्थिती दाखवावी लागायची, आणि पोराला वर्गात 'फुकटवाला' म्हणून ओळखलं जायची भीती असायची. 1946 नंतर तो प्रश्नच मिटला, डॉक्टरचा मुलगा आणि खाणकामगाराची मुलगी एकाच क्रेटमधून बाटली उचलणार. पन्नास-साठच्या दशकात मुंबईहून, पंजाबातून, कॅरिबियनमधून आलेल्या कुटुंबांची मुलं शाळेत गेली तेव्हा त्यांच्याही बाकावर तीच बाटली आली, कुठला फॉर्म न भरता.

आता वादाचा भाग. कोणालाही विचारा, हे दूध कोणी बंद केलं, तर उत्तर ठरलेलं, 1971 च्या हुजूर सरकारातल्या शिक्षणमंत्री बाईंनी, म्हणजे मार्गारेट थॅचर यांनी, ज्या पुढे पंतप्रधान झाल्या. त्यांच्या नावाला यमक जुळवून 'दूधचोर' अशा अर्थाची घोषणा तेव्हा जी चिकटली ती त्यांच्या मृत्यूपर्यंत आणि नंतरही सुटली नाही. निर्णय त्यांच्याच खात्याचा होता यात वाद नाही, सप्टेंबर 1971 पासून सात वर्षांवरच्या मुलांचं फुकट दूध थांबलं, फक्त विशेष शाळांतली मुलं आणि प्रकृतीच्या कारणाने गरज असलेली प्राथमिकची मुलं वगळून. वेल्समधल्या मर्थिर टिडफिलच्या नगरपालिकेने तर कायदा न जुमानता काही काळ वाटप चालू ठेवलं, तिथल्या गरिबीची आठवण ताजी होती.

पण तीन वर्षं आधी काय झालं होतं ते जवळपास कोणी सांगत नाही. नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, जानेवारी 1968 मध्ये खर्चकपात जाहीर झाली आणि त्यात माध्यमिक शाळांमधलं फुकट दूध पूर्ण बंद झालं. सरकार कुठलं, तर मजूर पक्षाचं! ज्या पक्षाने 1946 मध्ये सगळ्यांना दूध दिलं त्याच पक्षाने 'सगळ्यांना' हा शब्द पहिल्यांदा मोडला, आणि त्यासाठी कोणाला घोषणा सुचली नाही. मला वाटतं या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, कारण एकदा वयाची रेघ ओढता येते हे दिसलं की ती रेघ खाली सरकवणं फक्त हिशेबाचं काम राहतं, आणि 1971 मध्ये नेमकं तेच झालं, अकरा वर्षांवरची रेघ सातवर आली.

1968 विसरलं गेलं आणि 1971 लक्षात राहिलं, असं का झालं असावं? एक म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना ते कोमट दूध तसंही नको होतं, बऱ्याच बाटल्या न पिता परत जायच्या, त्यामुळे आरडाओरडा कमी झाला. दुसरं, आठ वर्षांच्या लेकराच्या हातातून दूध काढून घेणारी बाई हे चित्र पेपरवाल्यांना आयतं मिळालं, त्या जागी पुरुष मंत्री असता तर इतकं टिकलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे. तीस वर्षांनी तेव्हाचे सरकारी कागद खुले झाले तर त्यात दिसलं की अर्थखात्याला फुकट दूध पूर्णच बंद हवं होतं आणि याच बाईंनी ते फार टोकाचं होईल, लोक खवळतील असं सांगून लहान मुलांचं वाचवलं. म्हणून त्या निर्दोष ठरत नाहीत, सही त्यांचीच. पण सात वर्षांखालच्यांना पुढेही बाटली मिळत राहिली ती या भांडणामुळे, हे त्यांच्यावर राग असणाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

त्यानंतरचं थोडक्यात. 1980 च्या कायद्याने शाळांना दूध देण्याची सक्तीच काढून टाकली, मग कुठे चालू कुठे बंद असं प्रत्येक भागाच्या मर्जीवर गेलं. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र पाळणाघरात आणि नर्सरीत रोज एक तृतीयांश पाइंट दूध अजूनही फुकट मिळतं, माप 1946 चंच आहे.